मैदा नक्को, पल्ली नक्को!

हैदराबादेत आबिड्सच्या मोठ्या पोस्टापासून नामपल्लीचं नुमाईशचं, म्हणजे जत्रेचं, मैदान पायी वीस मिनिटांवर आहे. बरोबर पोरं असली की तास लागतो. त्यातल्या एकीला गहू चालत नसेल आणि दुसऱ्याला शेंगदाणा, तर डबा, पाण्याची बाटली, औषधांची पिशवी अशी वरातच काढावी लागते. भाची नांदेडची, अकरा वर्षांची, सिलिअॅकवाली. चिरंजीव आमचेच, नऊ वर्षांचे; शेंगदाण्याचं कूट नुसतं ओठाला लागलं तरी त्यांचा ओठ सुजतो. दोघांच्या पथ्यांची बेरीज केली की जत्रेत हातात उरतो फक्त फुगा.

तरी दर संक्रांतीला आम्ही जातोच. आणि दर वर्षी खाण्याबद्दल एखादी अशी गोष्ट कळते की घरी येऊन शेजारणीला सांगितल्याशिवाय झोप येत नाही. त्यातल्याच काही इथे.

दुकानावरून गाव

आबिड्स हे नाव पडलं एका दुकानावरून. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद या गृहस्थाचं ते दुकान. दुकान गेलं, नाव राहिलं. पुढे मोजमजाही मार्केटपाशी कराची बेकरी लागते. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी कुटुंबाने ती १९५३ साली सुरू केली. तिथल्या फ्रूट बिस्किटांचा वास आला की भाची नाक दाबून चालते. उस्मानिया बिस्किटाचंही तेच. इराणी चहा ती पिते. बिस्कीट बुडवायचं काम मावशीकडे.

डोशाच्या पोटात काय?

डोसा तांदळाचा आणि उडदाचा, म्हणजे निर्धास्त खा, असं कोणीही सांगेल. हैदराबादच्या बंडीवर मात्र सांगू नये. बंडी म्हणजे हातगाडी. इथला डोसेवाला पीठ पसरतो, वर लोण्याचा गोळा फिरवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत डावभर उपमा टाकून तो डोशावर सारवतो. उपमा रव्याचा, रवा गव्हाचा. मी पहिल्यांदा हात आडवा घातला तेव्हा तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "उपमा नै तो क्या डोसा, अम्मा?" बरं, उपमा वगळला तरी तवा तोच आणि उलथनंही तेच. आधीच्या गिऱ्हाइकाचा रवा तव्याच्या कडेला चिकटून आमच्याकडे बघत होता. डोसा रद्द.

मुगाचं पेसरट्टू घ्यावं तर 'एमएलए पेसरट्टू' नावाच्या प्रकारातही पोटात उपमाच. आमदार म्हटल्यावर पोटात काहीतरी लपलेलं असणारच म्हणा.

एक युद्ध, दोन ताटं

डोसा सोडून इडली घ्यावी, तर तिच्यातही कधीकधी रवाच. इडलीत रवा आला कुठून? बंगळुरूचं एमटीआर हॉटेल सांगतं की दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, म्हणून त्यांनी रवा इडली काढली. गंमत अशी की त्याच युद्धात तिकडे हॉलंडमध्ये नेमकं उलटं चाललं होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, लोक उपाशी मरत होते, आणि विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की सिलिअॅकची मुलं या उपासमारीत उलट सुधारताहेत. गव्हावर त्याचा संशय आधीपासून होताच. पुढे १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला. तिथे गहू गेला म्हणून पोरं वाचली, इथे तांदूळ गेला म्हणून इडलीत गहू आला.

त्याआधी या पोरांना काय देत? केळी! १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास या डॉक्टरने केळ्यांचा आहार काढला. मुलं त्याने बरी दिसत, म्हणून श्रेय केळ्याला मिळालं. ते खरं तर ताटात नसलेल्या पावाचं होतं.

हलीम कुणाची, सालन कुणाचं

नुमाईशमध्ये हलीमसाठी रमजानची वाट बघावी लागत नाही. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण या मटणाच्या पदार्थातला खरा घट्टपणा येतो तो तासन्‌तास घोटलेल्या गव्हाने. म्हणजे भाची बाद, चिरंजीव पास (वर टाकलेल्या काजूची चौकशी करून).

बिर्याणीला उलटं. तांदूळ आहे, भाची खूश. पण दम देताना हंडीचं झाकण कणकेने लिंपतात, ही इथली जुनी रीत. झाकण फोडल्यावर त्या वाळलेल्या कणकेचे तुकडे काठावरून आत पडू शकतात, म्हणून मधला भात मागायचा. आणि बिर्याणीसोबत येणारं मिर्ची का सालन? शेंगदाणे, तीळ, खोबरं वाटून केलेलं. बगारा बैंगनही तसंच. चिरंजीव बाद. एकाच टेबलावर बसून दोघं एकमेकांच्या ताटाकडे असे बघतात, जणू भारत-पाकिस्तान सामना चालू आहे.

गोडात 'डबल का मीठा' म्हणजे पावाचं. डबल रोटीतला तो डबल. खुबानी का मीठा जर्दाळूंचा, त्यात गहू नाही. मात्र वर बदाम किंवा जर्दाळूच्या बिया येतात, तेव्हा सुक्या मेव्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी विचारावं. जिलेबी मैद्याची. तिच्यासारखीच दिसणारी इमरती, जिला इकडे जांगिरी म्हणतात, ती उडदाची. कढईत आधी जिलेबी तळली होती का, एवढंच विचारायचं. भजी बेसनाची असली तरी त्याच तेलात समोसा पोहून गेलेला असतो, ही जत्रेतली सगळ्यात जुनी फसगत. आणि लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची सध्या मोठी हौस आहे. रिफाइंड तेलातून प्रथिन जवळपास निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहतं. त्यामुळे 'तेल कौन सा?' हा प्रश्न आमच्याकडे 'कसे आहात' इतका सहज निघतो.

आपलाच शब्द, उसना दिलेला

हे सगळं विचारायचं कोणत्या भाषेत? तेलुगूत गहू म्हणजे 'गोधुमलु'. संस्कृतातला गोधूम तो हाच. आपण झिजवून त्याचा गहू केला. शेंगदाणा 'पल्ली', तीळ 'नुव्वुलु', अंडं 'गुड्डु', दूध 'पालु'. पल्ली तर इथल्या दखनीतही चालते. पण सर्वांत कामाचा शब्द आपल्या घरचाच आहे: नक्को. दखनीने मराठीतला 'नको' उचलला, एक 'क' वाढवला आणि गेली काही शतकं तो बिनधास्त वापरतेय. "भाई, मैदा नक्को, पल्ली नक्को," एवढं म्हटलं की पुढचं व्याकरण दुकानदार स्वतः पुरवतो. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कांत अॅलर्जीवाल्यांसाठी वेगळं मेनूकार्ड मिळतं. आपल्याकडे पाकिटबंद मालावर गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोया वगैरे अॅलर्जीकारक घटक छापणं सक्तीचं आहे. गाडीवरच्या पदार्थाला पाकीटच नाही. तिथे नक्को हेच लेबल.

डब्यातले चोर

हिंग! बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा डिंक पिठात मिसळलेला. ते पीठ कधी तांदळाचं, कधी चक्क मैद्याचं. म्हणजे एका चिमटीपायी अख्खं सांबार हातचं जाऊ शकतं. डबी उलटी करून वाचावी. सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो, त्यामुळे गाडीवरचं गोबी मंचुरियन दोन वेळा नापास: एकदा मैद्यासाठी, एकदा सॉससाठी.

खपली गहू 'पचायला हलका', म्हणून सिलिअॅकवाल्याला चालतो, असं सांगणारी एक तरी काकू प्रत्येक लग्नात भेटते. खपली हा गहूच आहे, काकू. ग्लूटेन त्यातही आहे. सातूतही आहे.

उलट चांगली बातमी अशी की आपला उपास हा जगातला सर्वांत जुना ग्लूटेनमुक्त मेनू असावा. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. एकातही गहू नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही भाचीची आवडती म्हण आहे. चिरंजिवाला मात्र एकादशीच सर्वांत धोक्याची, कारण कुटाशिवाय खिचडी हे मराठी माणसाला पाखंड वाटतं. संक्रांतीच्या लाडवातही तिळाला साथ कुटाचीच. तो "गोड बोला" एवढंच घेतो.

भाचीचा खरा आधार ज्वारीची भाकरी. आणि त्यासाठी मराठवाड्याच्या पोरीने हैदराबादला यावं हे योग्यच. पाटणचेरूला १९७२ पासून असलेल्या इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेत ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा, तूर आणि भुईमूग यांच्यावर काम चालतं. सहातली पाच पिकं दोघांनाही चालणारी, सहावं चिरंजिवाचं वैरी. पण ज्वारी शुद्ध असून भागत नाही. गिरणीत ती गव्हावर दळली की संपलं. माझी बहीण गिरणीवाल्याला "ज्वारीवरच टाका हो" म्हणून म्हणून थकली, शेवटी तिने घरघंटीच घेतली. इतकी काटेकोरी कशाला? आपल्याकडच्या नियमानुसार 'ग्लूटेनमुक्त' म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लूटेन चालतं. म्हणजे एक हजार किलो पिठात २० ग्रॅम.

अॅलर्जी वेगळी, सिलिअॅक वेगळा

लोक दोन्हीला एकाच पोत्यात घालतात. सिलिअॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. नुकसान हळूहळू, पण मुरतं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला तो असतो. आणि एक महत्त्वाचं: शंका आल्यावर गहू आधी बंद करून मग रक्ततपासणी केली तर ती खोटीच 'नॉर्मल' येऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य.

अॅलर्जीचं गणित मिनिटांचं. 'अॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ मध्ये घडवला. तिचं उग्र रूप म्हणजे अॅनाफिलॅक्सिस. त्याचा शोध शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी समुद्री जिवांच्या विषावर काम करताना लावला, आणि रिशेला १९१३ चं नोबेल मिळालं. श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली तर मांडीत अॅड्रेनलीनचं इंजेक्शन आणि १०८ ला फोन. हा १०८ क्रमांक सुरू झाला तोही हैदराबादेतच, १५ ऑगस्ट २००५ ला. आमच्या पिशवीत तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे, कारण घाबरल्यावर मला स्वतःचाही नंबर आठवत नाही.

जानेवारीत पाळणा, जूनमध्ये मासा

नुमाईशचं पूर्ण नाव होतं 'नुमाईश मस्नुआत-ए-मुल्की', म्हणजे देशी मालाचं प्रदर्शन. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी ते बाग-ए-आममध्ये भरवलं, १९४६ मध्ये ते नामपल्लीला आलं. १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी, ४६ दिवस. काश्मिरी शाली, लखनवी कुर्ते, झुकझुक गाडी, आकाशपाळणा. आणि याच मैदानात मृग लागताना दमेकऱ्यांची रांग लागते: बत्तिनी कुटुंब औषधी लेप तोंडात घातलेला जिवंत मरळ मासा गिळायला देतं. शाकाहाऱ्यांना गुळातून. याचा शास्त्रीय पुरावा नाही. माशाची अॅलर्जी असलेल्या माणसाने त्या रांगेत उभं राहू नये, हे सांगायला मात्र शास्त्रज्ञ लागत नाही.

दोघांचं एकच

यंदा पाळणा सगळ्यात वर जाऊन थांबला. खाली दिव्यांची रांग, भाचीच्या मांडीवर भाकरीचा डबा, शेजारी लसणाची चटणी (कुटाशिवाय, शेजारी चिरंजीव असल्यामुळे). खाली उतरल्यावर दोघांचंही एकमत झालं ते म्हातारीच्या केसांवर. नुसती साखर आणि रंग; ना गहू, ना दाणा. त्याचं यंत्र काढलं १८९७ मध्ये विल्यम मॉरिसन नावाच्या अमेरिकन माणसाने, एका मिठाईवाल्याबरोबर, आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेत त्याचे पुडे हजारोंनी खपले. मॉरिसनचा धंदा? दातांचा डॉक्टर.

मी हे सांगेपर्यंत दोघांच्या जिभा गुलाबी झाल्या होत्या आणि शेवटचा झुपका कुणाचा यावरून रस्त्यातच जुंपली होती.