सुरतेला पाठविलेली जामची बरणी

सुरत शहराच्या दक्षिण अंगास पांडेसरा नावाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने तेथे दाटीवाटीने उभे आहेत आणि खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे त्यांच्या आसऱ्याने राहतात. उधना-जळगाव लोहमार्गाने नवापूर-नंदुरबारकडून पोटासाठी तिकडे गेलेल्यांत आपलीही माणसे आहेत. गेल्या पावसाळ्यात अशाच एका कुटुंबाच्या भेटीस जाण्याचा योग आला.

घर म्हणजे एकच खोली. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखालील फळीवर फडक्यात गुंडाळलेली एक बरणी. गावाकडील सासूबाईंनी मे महिन्यात दारच्या रायवळ आंब्यांचा जाम करून मुलाबरोबर ती पाठविली होती. घरी कोणी पाहुणा आला तरच काढावयाची, म्हणून ती जपून ठेवलेली. धर्मगुरू आले म्हणून त्या माऊलीने मोठ्या हौसेने झाकण फिरविले, आणि आत हिरव्या-पांढऱ्या बुरशीचा जाड थर दिसला. धाकट्या मुलाने लागलीच बोट पुढे केले. वरचे काढून खालचे खाऊ, असे त्याचे म्हणणे. आईने त्याचा हात मागे ओढला आणि खालच्या मानेने मला म्हणाली, "फादर, गावाला जाल तेव्हा आईंना हे सांगू नका."

मी कबूल केले खरे. पण न सांगण्याने पुढच्या वर्षीची बरणीही अशीच जाणार, हे मनातून जाईना.

फळ टिकविणे आपल्या लोकांना नवे नाही. सातपुड्यातील धडगावकडचे आपले आदिवासी बांधव कैऱ्या सोलून, उन्हात वाळवून आमचूर करतात, तो वर्ष वर्ष राहतो. तेथे पाणीच काढून टाकलेले असते, म्हणून जंतूंना जगण्यास आधार उरत नाही. जामची गोष्ट निराळी. येथे पाणी राहते. मात्र साखर ते असे धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला येऊ नये. ही साखर कमी पडली की सारा डाव फसतो. आमच्या सासूबाईंनी साखर महाग म्हणून निम्मीच घातली असावी आणि ती विरघळताच पातेले उतरविले असावे, असा माझा तर्क होता. पुढे तो खरा ठरला.

आंबा हे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत अश्मगर्भी फळ, म्हणजे ज्याच्या गरात कठीण आठळी असते असे. पीच, जर्दाळू, आलुबुखार ही हिमाचल-काश्मीरकडची फळे आणि आपले बोर, ही याच जातीची. युरोपात घराघरांतून अशा फळांचाही जाम होतो. गोव्यातील आपले ख्रिस्ती बांधव आंब्याच्या जामला मांगाड म्हणतात आणि पेरूच्या वडीला पेराड. पोर्तुगीज लोक मार्मेलो नावाच्या फळाची मार्मेलाद करीत, त्याच वळणावर ही नावे पडली. मुसराद हा गोव्याचा आंबा मांगाडासाठी नावाजलेला आहे. आपल्या रायवळाला असा मान कोणी देत नाही. पण त्याच्या अंगची आंबट चव जामला उलट उपकारकच आहे.

आता कृती सांगतो. पिकलेल्या पण लिबलिबीत न झालेल्या आंब्यांचा गर चाळणीतून घासून घ्यावा, म्हणजे केसर निघून जातील. गर १ किलो भरेल इतका असावा आणि त्यातच एखाद्या कैरीचा शिजविलेला गर धरावा. कैरीत पेक्टिन नावाचे द्रव्य भरपूर असते, त्यानेच जाम थिजतो. फळ पिकत जाते तसे ते कमी होते. साखर पाऊण किलो घ्यावी. हे पावणेदोन किलो मिश्रण रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर सतत ढवळीत शिजवावे आणि दाट होऊ लागले की दोन लिंबांचा रस घालावा. उतरविण्याची वेळ कशी ओळखावी? सुरतेसारख्या समुद्रसपाटीजवळच्या गावी उष्णतामापकाचा पारा १०५ अंशांवर आला की जाम झाला. पण उष्णतामापक कोणाच्या स्वयंपाकघरात असतो! त्याहून सोपी खूण वजनाची आहे. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून ठेवावे. मिश्रण आटून सुमारे १ किलो ४०० ग्रॅम राहिले की साखर व फळाचा सारभाग मिळून शेकडा ६५ च्या घरात येतो. सरकारच्या २०११ सालच्या अन्नविषयक नियमांत जामसाठी हेच किमान प्रमाण घातलेले आहे.

येथवर बहुतेक भगिनी बिनचूक येतात. चूक होते ती बरणीपाशी. काचेच्या बरण्या दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उकळून, गरम असतानाच त्यांत कढत जाम भरावा. वर अर्धे बोट जागा सोडावी, कड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावी व झाकण लावावे. झाकण आतून मऊ थराचे आणि दर खेपेस नवे असावे. नंतर मोठ्या पातेल्याच्या तळाशी फडके घालून त्यावर बरण्या उभ्या कराव्या, त्या बुडतील इतके गरम पाणी ओतावे आणि पाणी खळखळू लागल्यापासून दहा मिनिटे मोजावी. बाहेर काढून आपोआप निवू द्याव्या. थंड पाणी लावले तर काच तडकते. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्य आत ओढलेला दिसला पाहिजे. बोटाने दाबल्यावर तो वरखाली होत असेल, तर ती बरणी प्रवासाला पाठवू नये, घरीच लवकर संपवावी.

ही युक्ती निकोला आपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने शोधली. सैन्याला व जहाजांना उपयोगी म्हणून त्याला १२,००० फ्रँकांचे पारितोषिक मिळाले आणि १८१० साली त्याने आपली रीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती का साधते हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते. जंतूंचा उलगडा लुई पाश्चरने केला, तो आपेरच्या निधनानंतर.

एक इशारा मात्र ठासून दिला पाहिजे. याच रीतीने भाजी, मटण किंवा मासळी बाटलीत कधीही बंद करू नये. बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजे उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि हवाबंद बाटलीत प्राणघातक विष निर्माण करतात. त्या विषाला वास असेलच असे नाही. आंबट फळांत तो जंतू वाढू शकत नाही, म्हणून जाम निर्धोक. आणि म्हणूनच गोड आंब्याच्या जामला लिंबू वगळून चालत नाही. तसेच बुरशी आलेली बरणी सबंध टाकावी. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. पांडेसऱ्याच्या त्या आईने मुलाचा हात ओढला, ते योग्यच केले.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करावयास लावले, तेव्हा बारा टोपल्या भरल्या. आमच्या गावात मे महिन्यात झाडांखाली किती टोपल्या सडून जातात, ते मी दरसाल पाहतो.

सासूबाईंना मी बुरशीची गोष्ट सांगितली नाही, शब्द दिला होता. पुढच्या खेपेची कृती म्हणून वरील सर्व सांगितले. निम्म्या साखरेची कबुली त्यांनी आपण होऊनच दिली. मग बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "फादर, साखर घेईन, लिंबं दारात आहेत. पण पातेलं तोलायचं कुठं?"

मी म्हटले, आमचूर घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे काटा आहेच. त्यावर त्या हसल्या. "त्याचा नको, तो नेहमी कमीच दाखवतो." शेवटी शाळेच्या स्वयंपाकघरातला काटा एका दुपारपुरता मागून आणावयाचे ठरले.