कुंडीतील रोपे रातोरात का कोलमडतात?

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की शहरांतील गॅलऱ्यांत आणि गच्च्यांवर बियाण्यांची पाकिटे उघडू लागतात. टोमॅटो, वांगी, मिरची, झेंडू, जे हाती येईल ते पेरले जाते. पाचव्या-सहाव्या दिवशी माती फोडून टोमॅटोच्या हिरव्या माना वर येतात आणि घरातील लहानथोर सारे ते कौतुक पाहून जातात. मग एखाद्या सकाळी निम्मी रोपे आडवी झालेली दिसतात. आदल्या संध्याकाळी टवटवीत असलेल्या रोपाचे खोड मातीलगत दोऱ्यासारखे बारीक, पाणचट झालेले असते. पाने मात्र अजून हिरवीच असतात. पुढच्या दोन दिवसांत उरलेली रोपेही त्याच वाटेने जातात. बियाणे भेसळीचे होते, माती निकस होती, शेजाऱ्यांची दृष्ट लागली, अशी नाना कारणे मग पुढे येतात आणि 'आमच्या हाताला झाडच लागत नाही' अशी समजूत करून घेऊन कुंडी कोपऱ्यात सरकवली जाते.

यात हाताच्या गुणाचा काही संबंध नसतो. कृषिशास्त्रात या रोगाला 'रोपे कोलमडणे' किंवा 'रोपांची मर' म्हणतात. इंग्रजीतील 'डॅम्पिंग ऑफ' हे नावही रोपवाटिकांत रूढ आहे आणि त्या नावातच ओलाव्याचा उल्लेख आहे. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया आणि फ्युजेरियम अशा निरनिराळ्या कुळांतील रोगकारक जीव ही मर घडवून आणतात. त्यांतही आपल्याकडील उष्ण व दमट हवेत पिथियमचा वाटा मोठा असतो. या कुळातील एका जातीला हेस या संशोधकाने १८७४ मध्ये आंतोन द बारी या थोर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिले. भारतात एडविन जॉन बटलर यांनी पिथियमचा सखोल अभ्यास केला. बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या बटलर यांचा या विषयावरील प्रबंध १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील शंभराहून अधिक वर्षांत कीटकनाशकांची आणि बुरशीनाशकांची दुकाने गल्लोगल्ली झाली, तरी हा रोग हटलेला नाही.

पोहत येणारा शत्रू

पिथियम दिसायला बुरशीसारखे असते आणि बराच काळ ते बुरशीतच गणले गेले. मात्र त्याच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज असते, तर खऱ्या बुरशीत कायटिन. नव्या वर्गीकरणानुसार त्याचे नाते समुद्रातील तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे. हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाही. बाजारात सर्रास मिळणारे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पिथियमवर निष्प्रभ ठरते. दुकानदाराने दिलेली पूड पाण्यात कालवून ओतली आणि तरीही रोपे गेली, असा अनुभव ज्यांना येतो, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते.

पिथियमचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. त्याचे काही बीजाणू पोहू शकतात. सूक्ष्म शेपट्यांच्या साहाय्याने ते मातीच्या कणांमधील पाण्यातून वाट काढतात. बी रुजू लागले, की त्यातून साखर आणि अमिनो आम्ले बाहेर झिरपतात आणि त्यांच्या मागावर हे बीजाणू बियापर्यंत किंवा कोवळ्या मुळापर्यंत पोहोचतात. जुने, तडकलेले वा दमट जागी राहिलेले बी अधिक झिरपते आणि म्हणून अधिक बळी पडते. कुंडीत पाणी तुंबलेले असेल, तर या बीजाणूंना जणू राजमार्गच मिळतो. माती कोरडी पडली तरी जाड कवचाचे विश्रामी बीजाणू तिच्यात वर्षानुवर्षे तग धरून राहतात. गेल्या वर्षी ज्या मातीत रोपे मेली, तीच माती यंदा उकरून पुन्हा वापरली, तर निकाल ठरलेलाच असतो.

रायझोक्टोनियाची रीत निराळी आहे. त्याला तुंबलेले पाणी लागत नाही. जेमतेम ओल आणि ऊब पुरते. ते खोडाला मातीच्या पातळीवर गाठते आणि तेथे तांबूस-तपकिरी, खोलगट डाग पडतो.

प्रत्येक आडवे रोप रोगाचेच असते, असे नाही. उन्हाने किंवा पाण्यावाचून माना टाकलेल्या रोपाचे खोड बुडाशी घट्ट असते आणि पाणी मिळताच ते सावरते. गोगलगाय किंवा अळी खोड कुरतडते, तेव्हा काप स्पष्ट दिसतो. मर झालेल्या रोपाचे खोड चिमटीत धरले तर ते मऊ लागते.

कित्येकदा रोग मातीखालीच आपले काम उरकतो. अंकुर वर येण्यापूर्वीच कुजतो आणि दोष बियाण्याच्या माथी जातो. बियाणे पारखायचे असेल, तर पाकिटातील दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ऊबदार जागी ठेवाव्यात. त्यातही दहाच्या दहा रुजण्याची अपेक्षा रास्त नव्हे. भारतातील प्रमाणित बियाण्यांच्या मानकांनुसार टोमॅटो व वांग्यासाठी किमान ७० टक्के, तर मिरचीसाठी ६० टक्के उगवण पुरेशी मानली जाते. फडक्यात सात रुजल्या आणि कुंडीत दोनच उगवल्या, तर उत्तर मातीत शोधावे लागते.

राब, वाफ आणि ऊन

माती पेरणीआधी 'शुद्ध' करून घ्यावी, ही कल्पना प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीची आहे. कोकणात भाताची रोपे तयार करायच्या जागेवर शेण, झाडांची कवळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून उन्हाळ्यात ते जाळतात. यालाच राब भाजणे म्हणतात. त्यामुळे तणाचे बी जळते, वरच्या थरातील रोगजंतू मरतात आणि राखेचे खत मिळते. कवळीपायी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, हा त्यातील मोठा दोष. पण रोपाच्या पहिल्या दिवसांत स्वच्छ माती हवी, हे मर्म त्या शेतकऱ्यांना पुरते उमगले होते.

हाच धडा इंग्लंडमध्ये वेगळ्या रीतीने गिरवला गेला. १९३०च्या दशकात जॉन इन्स उद्यानविद्या संस्थेत आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी वाढवलेली प्रिम्युला सायनेन्सिस या फुलझाडाची रोपे मोठ्या संख्येने मरू लागली. प्रयोगच धोक्यात आल्याने विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी मातीचाच विचार मुळापासून केला. वाफेने तापवलेली माती, पीट आणि वाळू यांचे ठरावीक मिश्रण त्यांनी सिद्ध केले आणि ते साऱ्या जगातील बागकाम करणाऱ्यांना खुले केले. त्यांच्या बी-पेरणीच्या मिश्रणात दोन भाग माती, एक भाग पीट आणि एक भाग वाळू असते. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील केनेथ बेकर यांनी माती बेसुमार तापवण्यातील धोका दाखवला. माती पुरती निर्जीव केली, की तिच्यात प्रथम शिरणाऱ्या रोगजंतूला कोणी प्रतिस्पर्धीच उरत नाही आणि तो दुप्पट वेगाने फोफावतो. म्हणून बेताचीच उष्णता द्यावी, उपकारक जीव शिल्लक राहू द्यावेत, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे हे काम सूर्य फुकट करतो. इस्रायलमधील याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून तिच्यातील रोगजंतू कमी करण्याची पद्धत मांडली. घरगुती प्रमाणात ती सहज जमते. एप्रिल-मे महिन्यांत माती ओलसर करून पारदर्शक पिशवीत भरावी, पिशवीचे तोंड बांधावे आणि चार-पाच बोटे जाडीचा थर होईल अशी ती गच्चीवर कडक उन्हात चार ते सहा आठवडे आडवी ठेवावी. माती ओली असणे आवश्यक आहे, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते आणि ओलसर बीजाणू लवकर मरतात. काळी पिशवी चालत नाही. ती स्वतः तापते, पण आतली माती पारदर्शक पिशवीइतकी तापू देत नाही. ज्यांना गच्ची नाही, त्यांनी जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या मोदकपात्रात माती अर्धा तास वाफवून घ्यावी. वास येतो, हे आधीच सांगितलेले बरे.

इतका खटाटोप नको असेल, तर नवे कोकोपीट वापरणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. कोकोपीटची वीट भिजवून, एक-दोनदा पाण्याने खळबळून, घट्ट पिळून घ्यावी म्हणजे त्यातील क्षार निघून जातात. दोन भाग कोकोपीटमध्ये एक भाग चाळलेले, पूर्ण मुरलेले गांडूळखत मिसळावे. अर्धकच्चे शेणखत रोपांच्या कुंडीत कदापि घालू नये. ते रोगाला आमंत्रण ठरते. युरियाची चिमूटही या वयात नको. नत्राने रोप झरझर वाढते, पण त्याचे अंग लुसलुशीत राहते.

मातीत मित्र पेरणे हा यापुढचा टप्पा. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी रोगकारक बुरशीवर चाल करून तिला खाऊन टाकते. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये हे दाखवून दिले आणि त्यांच्या पुढील अभ्यासाचा विषय लिंबूवर्गीय रोपांची मर हाच होता. कृषी सेवा केंद्रांत तिची पूड मिळते. एक किलो गांडूळखतात दहा ग्रॅम पूड मिसळून ते मिश्रण आठवडाभर सावलीत ओलसर ठेवावे व नंतर पेरणीसाठी वापरावे. पूड म्हणजे जिवंत जीव आहेत. त्यामुळे मुदत संपलेले किंवा दुकानाच्या तापलेल्या काचेआड पडून राहिलेले पाकीट घेण्यात अर्थ नाही. तिच्या जोडीने रासायनिक बुरशीनाशक ओतणेही व्यर्थ. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. संकरित बियाण्याच्या पाकिटातील बी गुलाबी, निळे वा हिरवे दिसत असेल, तर त्यावर बुरशीनाशक आधीच चोळलेले असते. ते धुऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

पाणी घालण्याचा मोह

पेरणीसाठी चहाचे कागदी पेले, दह्याचे डबे, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, काहीही चालते. तळाशी भोके मात्र हवीतच. जुन्या कुंड्या व ट्रे घासून, एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवून, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावेत. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. चिमूटभर बी एका जागी ओतण्याची सवय सोडावी. दाटीत वारा खेळत नाही, खोडे वाळत नाहीत आणि रोग एका रोपावरून दुसऱ्यावर सहज जातो. दोन बियांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवले, तर विरळणीची कटकटही वाचते.

बी रुजेपर्यंत ओल टिकवण्यासाठी वर प्लास्टिक झाकले तर हरकत नाही. पहिला अंकुर दिसताच मात्र ते काढावे. अनेक ट्रे या एका विसरभोळेपणाने गेले आहेत. त्यानंतर रोपांना भरपूर उजेड हवा. खिडकीच्या आतल्या बाजूला, अंधुक जागी ठेवलेले रोप उजेडाकडे मान लांबवते, लेचेपेचे होते आणि अशाच खोडावर रोगाचा घाला लवकर पडतो. सकाळचे कोवळे ऊन आणि वाहती हवा असलेली ग्रिलची जागा उत्तम. पावसाळ्यात ट्रे थेट पावसात उघडा ठेवू नये.

राहिला प्रश्न पाण्याचा. घरातील प्रत्येक माणूस येता-जाता रोपांवर तांब्याभर पाणी ओततो आणि सारे मुसळ केरात जाते. मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पाणी देऊ नये. द्यायचे तेव्हा सकाळी द्यावे, म्हणजे दिवसभरात पृष्ठभाग सुकतो. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर खोडाशी साचून राहते. ट्रे पाण्याच्या परातीत दहा-पंधरा मिनिटे ठेवून खालून पाणी शोषू देणे चांगले. नंतर मात्र परातीतील पाणी ओतून टाकावे. तेच पाणी दुसऱ्या ट्रेला वापरले, तर पोहणाऱ्या बीजाणूंची आपणच ने-आण केल्यासारखे होते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यालाही हेच लागू आहे. शेतकरी भाजीपाल्याची रोपे सपाट वाफ्यात न करता पंधराएक सेंटिमीटर उंचीच्या गादीवाफ्यावर करतात, त्यामागे हाच निचऱ्याचा विचार असतो.

ही सारी दक्षता जन्मभर घ्यायची नसते. उगवल्यापासून दोन-तीन आठवड्यांत खरी पाने फुटतात, खोड निबर होते आणि मग पिथियमला रोप असे आडवे पाडणे सहसा जमत नाही. मिरचीच्या बाबतीत अधिक सावध राहावे. तिला उगवायलाच आठ ते बारा दिवस लागत असल्याने तिचे बी मातीत जास्त काळ रोगाच्या तावडीत राहते.

रोग दिसल्यावर

आडवे झालेले रोप पुन्हा उभे राहत नाही. ते आणि त्याच्या भोवतीची दोन बोटे माती चमच्याने उचलून कचऱ्यात टाकावी. कंपोस्टच्या डब्यात नव्हे. पाणी तात्काळ थांबवावे, ट्रे वाऱ्यावर ठेवावा आणि निरोगी ट्रेपासून दूर न्यावा. उरलेल्या रोपांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड एका लिटर पाण्याला अडीच ते तीन ग्रॅम या प्रमाणात ओतता येते. ही मात्रा शेतीच्या शिफारशींतली आहे. तेव्हा पाकिटावरील सूचना वाचून, हातमोजे घालून आणि पिण्याच्या पाण्याची भांडी दूर ठेवूनच ती वापरावी. दालचिनीची पूड भुरभुरण्याचा उपाय अलीकडे फार ऐकू येतो. दालचिनीतील तेल बुरशीला रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र पाणी तुंबलेल्या कुंडीवर स्वयंपाकघरातील चिमूटभर पूड टाकून पिथियम हटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

निम्म्याहून अधिक रोपे गेली असतील, तर उरलेल्यांची शुश्रूषा करीत बसण्यापेक्षा ट्रे रिकामा करून, धुऊन, नव्या मिश्रणात पुन्हा पेरणी करणे शहाणपणाचे. त्यासाठी पुढच्या वर्षीच्या मृगाची वाट पाहावी लागत नाही. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस पेरलेला टोमॅटो महिनाभरात मोठ्या कुंडीत लावण्याजोगा होतो. त्या दिवसांत हवा कोरडी होऊ लागलेली असते आणि सकाळच्या उन्हात ट्रेमधील माती दुपारपर्यंत सुकते.