शेवटच्या खाटेपाशी

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात कर्करोगाच्या रुग्णांभोवती वावरताना एक फरक मला जाणवत आला आहे. मरणाला पराभव मानणारी सिस्टर शेवटच्या खाटेपाशी रेंगाळत नाही; सलाइन पाहते, निघते. नातेवाइकांनी बजावलेले असतेच, 'त्यांना काही कळू देऊ नका.' मग रुग्णाने विचारायचे कुणाला? मरणाकडे सरळ पाहू शकणारी मात्र स्टूल ओढून बसते, कोरडे ओठ ओले करते, दुखणे जोखून डॉक्टरांकडे मॉर्फिनचा आग्रह धरते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्सही मुळात परिचारिकाच!

आपल्या लोणीच्या नर्सिंग कॉलेजातून निघणाऱ्या मुली जेमतेम बाविशीच्या. घरातले मरणही अनेकींनी जवळून पाहिलेले नसते. रात्रपाळीत रुग्ण गेला की चादर बदलून पुढच्या खाटेकडे वळायचे. त्यांचे रडणे कुणी ऐकायचे?