शिंगराचे पाय, केस कापायचं मशीन आणि ऐकीव उपाय

दिवाळीच्या सुमारास अकलूजला बाजार समितीच्या आवारात घोडेबाजार भरतो. तो जवळ आला की तबेल्यातून खरारा, नालबंदी आणि केस कापण्याची घाई सुरू होते. नळीवरचे आणि खुरामागचे केस काढले की पाय रेखीव दिसतो, पंचकल्याण घोड्याची पांढरी पावलं उठून दिसतात. मुरलेला घोडा मुकाट उभा राहतो. दीड-दोन वर्षांचं शिंगरू मात्र मशीन गुणगुणायला लागलं की पाय आपटतं, मागे सरतं, दुगाण्या झाडतं. मग भोवती जमलेला प्रत्येक जण एकेक उपाय सांगतो, आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

पहिला उपाय ठरलेला: “खोडील आहे, दोन फटके दिले की सरळ येईल.” शिंगरू खोडील नसतं. घोड्याच्या धडावर कातडीखाली एक पातळ स्नायू असतो. पाठीवर, पोटावर माशी बसली की तो जागच्या जागी कातडी थरथरवून तिला उडवतो. गुडघ्याखाली हा स्नायू नाही. तिथली माशी उडवायची तर पाय आपटण्यावाचून इलाज नाही. मशीनचा कंप नेमका तिथेच लागतो, म्हणून शिंगरू जन्मजात येतं तेच करतं. त्यात माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर घोड्याला ३३ किलोहर्ट्झपर्यंतचा. आपल्याला बारीक वाटणारं मशीन त्याला तेवढंच बारीक वाटत असेल असं नाही. अशा वेळी फटका मारला तर त्याच्या डोक्यात एवढंच बसतं की मशीन आलं की मार बसतो.

खरा घोटाळा आपल्या हातून होतो. शिंगराने पाय उचलला की आपण दचकून मशीन मागे घेतो. पाय झटकला की कटकट टळते, हा धडा त्याला आपणच दिलेला असतो. करायचं ते याच्या उलट. आधी मशीन नकोच. नुसता हात खांद्यावरून गुडघा, नळी, खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत उतरवायचा. पाय उचलला तरी हात न दाबता तिथेच ठेवायचा. पाय टेकून ते क्षणभर स्थिर झालं की त्याच क्षणी हात काढायचा. सुटका स्थिर राहिल्यावर मिळते, हे शिंगरू लवकर ओळखतं. मग बंद मशीन, मग लांबवर सुरू असलेलं मशीन. त्यानंतर सुरू मशीन मुठीत धरून मुठीची मागची बाजू पायाला लावायची, म्हणजे कंप आपल्या हातातून पोचतो आणि पातं लागत नाही. सुरुवातीला दाढीचा छोटा ट्रिमर चालतो. रोज पाच-दहा मिनिटं पुरेत. ते बिथरलं तर आपण एक पायरी घाईने चढलो असं समजून खाली उतरायचं.

सवयीचं बळ पाहायचं तर आषाढीच्या वाटेवर पाहावं. माउलींच्या सोहळ्यातले शितोळे सरकारांचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून येतात आणि खुडूस, ठाकूरबुवा समाधी इथल्या रिंगणांत टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो माणसांच्या मधून दौडतात. बुजणारा प्राणी तोच आहे.

दुसरा उपाय म्हणजे वरच्या ओठाला दोरीचा फास घालून काठीने पिळणं. घोडा शांत होतो हे खरं. पिळल्यामुळे शरीरात वेदना बोथट करणारी द्रव्यं सुटतात. पण हा परिणाम काही मिनिटांचाच. वेळ लांबली की ताण वाढतो आणि घोडा अचानक उसळू शकतो. कान पिळण्यात तर पहिल्या क्षणापासून ताणच असतो. जखमेला टाके घालायचे असतील तेव्हा पशुवैद्य ओठाचा फास वापरतील, ते वेगळं. बाजारासाठी देखणे पाय करायला कशाला?

गुंगीच्या इंजेक्शनाचं तसंच. मान खाली टाकून पेंगणारा घोडाही अचूक लाथ मारू शकतो, आणि गुंगीत तो शिकत काहीच नाही. पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न. ते द्यायचंच तर पशुवैद्यानेच द्यावं.

“एकदा कापले की दाट येतात” हेही खोटं. मुळाशी काही बदलत नाही, कापलेलं टोक बोथट असल्याने हाताला राठ लागतं इतकंच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा गैरसमज: पायाचे केस म्हणजे निव्वळ घाण. खुरामागची झुलपं पाणी निथळवतात, आणि आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या काट्यांपासून नळीला थोडं तरी संरक्षण देतात. पांढऱ्या पावलांखालची कातडी गुलाबी असते. केस मुळापर्यंत काढले तर सोलापूरच्या उन्हात ती भाजते. केस काढायला कारणंही आहेत. चिखलाने खपल्या धरल्या असतील तर औषध कातडीपर्यंत पोचायला ते कापावे लागतात. पुढच्या पायांच्या केसांना बारीक पिवळट दाणे चिकटलेले दिसले तर ती बॉट माशीची अंडी. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडावाटे पोटात जातात. ती खरवडून काढायलाच हवीत, पण त्यासाठी सगळा पाय भादरायची गरज नाही. एरवी कंगवा आणि बोथट टोकाची कात्री पुरते.

मशीन लावायचंच असेल तर पाय धुऊन पूर्ण वाळू द्या. पात्याला तेल द्या आणि मधूनमधून ते मनगटाला लावून पाहा. तापलं की थांबा, कारण चटका एकदा बसला की महिनाभराची मेहनत वाया जाते. गुडघे टेकून बसू नका, उकिडवे बसा, खांद्याजवळ राहा. लगाम धरणारा तुमच्याच बाजूला हवा. आणि बाजार दिवाळीत असेल तर शिंगराच्या पायावरून हात फिरवायला गणपतीतच सुरुवात करा.