हसताना तोंडावर हात

थर्ड इयरपर्यंतचा माझा दात दिसणारा एकही फोटो सापडणार नाही. गॅदरिंगच्या ग्रुप फोटोत सगळे बत्तीशी दाखवतात, मी ओठ मिटून मागे उभा. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. लहानपणी, पक्के दात हिरडीच्या आत घडत असताना याहून जास्त फ्लोराइड पोटात गेले, की दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, सच्छिद्र राहते आणि त्यावर पांढरे-तपकिरी डाग पडतात. कितीही घासा, जात नाहीत. फर्स्ट इयरला एकाने विचारले, "काय रे, गुटखा खातोस का?" तेव्हापासून हसताना हात आपोआप तोंडावर.

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले आणि डोक्यात पोर्सिलेन व्हिनियर शिरले. प्लायवर सनमायका चिकटवतात ना, तसेच हे. दातावर पुढून चिकटवायचे चिनी मातीचे पातळ कवच. कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस सिनेनटांसाठी अशी कवचे केली. पण ती शूटिंगपुरती, नंतर काढून ठेवायची. कायम चिकटवायची युक्ती नंतर आली. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले, की फॉस्फोरिक ॲसिड लावले की इनॅमल खरखरीत होते आणि रेझिन त्यात घट्ट पकड घेते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सिलेनची आतली बाजूही हायड्रोफ्लुओरिक ॲसिडने खरखरीत करून चिकटवू लागले. गंमत बघा, डाग फ्लोराइडचा आणि उपायातही फ्लोरिनच!

आता आपल्या विषयाकडे. पोर्सिलेन ठिसूळ. दाब सोसते, वाकवले की तडकते. मग अर्धा मिलिमीटरचे कवच टिकते कसे? फरशी आठवा. खाली पोकळी राहिली तर खुर्चीच्या पायानेही तडा जातो, बेडिंग पक्के असेल तर कपाट ठेवा. इथे बेडिंग म्हणजे इनॅमल. म्हणून सगळा खेळ पकडीचा.

आणि मेख इथेच आहे. कवच बसवायला बहुधा दातावरून साधारण अर्धा मिलिमीटर थर घासावा लागतो. इनॅमल परत उगवत नाही. व्हिनियर साधारण दहा-पंधरा वर्षे टिकते, मग नवे. एकविसाव्या वर्षी बसवले तर जन्मात तीन-चार वेळा बदलणे आले. शिवाय फ्लोराइडने बिघडलेल्या इनॅमलवर ॲसिडचे काम नीट होत नाही, पकड कच्ची राहू शकते. खर्च दाताला हजारांत. सहा दातांचा हिशोब केला आणि बाबांना फोन करायचा राहिलाच.

शेवटी सरकारी डेंटल कॉलेजात गेलो. मॅडम म्हणाल्या, "आधी कमीत कमी नुकसानीचा उपाय करू. व्हिनियर कुठे पळून जात नाही." त्यांनी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि घासणारी पूड यांनी अगदी वरचा थर घासला, नंतर ब्लीचिंग केले. तपकिरी रंग बराच गेला. पांढरे ठिपके आहेत, जवळून दिसतात. पहिल्या इंटरव्ह्यूत उडालो, पण दातांमुळे नव्हे, थर्मोमुळे!

व्हिनियर वाईट नाही. दाताचा तुकडा उडाला असेल, डाग खोल असेल, तर तोच चांगला उपाय. फक्त 'परत पहिल्यासारखे' करता येत नाही, एवढे लक्षात ठेवून खुर्चीत बसा.

दिवाळीत घरी गेलो ते बोअरचे पाणी तपासायला नेण्यासाठीच. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. आता घरात आरओ बसवला आहे. पुतणी दोन वर्षांची आहे. तिचे पक्के दात सध्या हिरडीच्या आत घडताहेत. तिने फोटोत खुशाल बत्तीशी दाखवावी.