पेढीवरील जुना संगणक आणि मुक्त कार्यप्रणाली

राजवाड्याच्या परिसरातील अनेक पेढ्यांवर लाल बासनातील वह्या आता दिवाळीच्या वहीपूजनापुरत्याच उरल्या आहेत. रोजमेळ, खतावणी आणि बिले संगणकावर गेली. साहजिकच, वहीची जी काळजी आपले वाडवडील घेत, तीच आता या यंत्राची घेणे प्राप्त आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या कार्यप्रणालीस निर्मात्यांकडून मिळणारे सर्वसाधारण संरक्षण संपले. पुढील आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. अशा वेळी बाजारात चोरट्या प्रतींचा मोह पडतो. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाबरोबरच चोरीचा माल घेणे हेही आहे. जो व्यापारी तराजूत खोट येऊ देत नाही, त्याने ती संगणकात का येऊ द्यावी?

यावर सरळ उपाय आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' हा मुक्त प्रकल्प घोषित केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा प्रसिद्ध केला. दोहोंच्या संयोगातून उभी राहिलेली कार्यप्रणाली कोणासही वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा आहे. आपल्या सी-डॅक संस्थेनेही याच पायावर 'बॉस' ही भारतीय प्रणाली घडविली. नवशिक्यांस 'लिनक्स मिंट' सोयीची पडते. तिच्या बाविसाव्या मालिकेस २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. ४ जीबी स्मृतीच्या यंत्रावर ती समाधानाने चालते.

प्रथम सर्व हिशेब व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावीत, आणि ती तेथे उघडतात याची खात्री करून घ्यावी. मिंटची संचिका अधिकृत स्थळावरूनच घ्यावी व तिच्या खुणेचा आकडा ताडून पाहावा. पोते उतरविताना वजन ताडतो, तसेच हे आहे. मग ती पेनड्राइव्हवर चढवून यंत्र त्यावरूनच सुरू करावे. अशाने आतील डिस्कला धक्का न लागता छपाईयंत्र व इंटरनेट चालते की नाही हे कळते. सर्व जुळले, तरच प्रणाली कायम बसवावी. 'डिस्क पुसा' हा पर्याय निवडल्यास जुने काहीही उरत नाही, हे विसरू नये.

त्यानंतर सुधारणा घ्याव्यात, अक्षरे मोठी करावीत, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडावा व परवलीचा शब्द ठेवावा. 'टाइमशिफ्ट' चालू केल्यास बिघडलेली प्रणाली पूर्वस्थितीस येते. मात्र ते प्रणालीचे रक्षण करते, खात्यांचे नव्हे. खात्यांची प्रत निराळी ठेवलीच पाहिजे.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. म्हणून ज्या यंत्रावर मुख्य हिशेब चालतो, ते संरक्षण मिळणाऱ्या विंडोजवरच ठेवावे. पत्रव्यवहार, भावांचे तक्ते आणि मुलांचा अभ्यास यांसाठीची उरलेली जुनी यंत्रे मिंटवर न्यावीत. 'लिब्रेऑफिस' त्यात तयारच असते.

यंत्र टाकून देण्यापूर्वी त्याचा उपयोग शोधणे, हाही अपरिग्रहाचाच एक भाग होय. सभासद बंधुभगिनींनी यंदा निदान एका जुन्या यंत्रावर हा प्रयोग करून पाहावा, अशी नम्र विनंती आहे.