फर्दापूरच्या दगडाची किंमत कोण ठरवतं?

शाळेच्या सहलीबरोबर तुमच्यापैकी बरेच जण अजिंठ्याला जाऊन आले असतील. फर्दापूरजवळच्या फाट्यावर गाडी सोडावी लागते. धुरानं लेण्यांतल्या चित्रांना अपाय होऊ नये, म्हणून पुढचे चारेक किलोमीटर एस.टी.च्या बसनं जायचं. आणि गाडीतून उतरलं रे उतरलं, की हाक येते, "दगड बघा साहेब, दगड!"

हे दगड म्हणजे गारगोटी, झिओलाइट असे चमकदार स्फटिक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थंड होताना खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि स्फटिक तयार झाले. खाणीत किंवा विहीर खणताना ते सापडतात.

आता गंमत बघा. विक्रेता म्हणतो दोनशे, बाबा म्हणतात पन्नास आणि सौदा शंभरावर तुटतो! मग खरी किंमत कोणती?

तळ आणि छत

समजा, तुमच्या ताईनं तिथं दुकान थाटलं. दगड तिला ६० रुपयांना पडतो. हा झाला किमतीचा तळ. गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती देईल, ते छत. घासाघीस चालते ती या दोन्हींच्या मध्ये. शेजारी तसाच दगड मांडून दहा जण बसले असतील, तर छत आपोआप खाली येतं. याला म्हणतात स्पर्धा.

७५ वा दगड

ताईच्या गाळ्याचं भाडं महिना ३,००० रुपये. एकही दगड खपला नाही तरी ते द्यायचंच. हा स्थिर खर्च. दगडाचे ६० रुपये मात्र जितके दगड विकाल तितक्या पटीत वाढतात. तो बदलता खर्च.

दगड १०० ला विकला, की हाती राहतात ४०. म्हणजे ७५ दगड विकले की नुसतं भाडं निघालं. हा 'ना नफा ना तोटा' बिंदू. नफा सुरू होतो ७६ व्या दगडापासून.

पण थांबा! ताई दुकानात बसली नसती, तर रोज २५० रुपये मजुरीनं कापूस वेचायला गेली असती, असं धरू. सोमवारी लेणी बंद, म्हणून महिन्याचे २६ दिवस धरले तर ६,५०० रुपये बुडाले. हे पैसे वहीत कुठंच दिसत नाहीत, पण दुकानासाठी सोडलेलेच आहेत. याला म्हणतात संधी खर्च. तोही भरून काढायचा तर महिन्याला २३८ दगड खपायला हवेत, रोज नऊ-दहा! गल्ला भरलेला दिसला म्हणजे धंदा फायद्यात, असं नसतं बरं का.

संध्याकाळचं गिऱ्हाईक

दिवस मावळला, शेवटची बस परतली. एक काका म्हणाले, "सत्तरला देतेस का, बाळ?" ताईनं काय करावं? भाडं तर आता काही केल्या परत येणार नाही. ते विसरायचं. ७० मधून ६० वजा, १० हाती. द्यावा! पन्नासला मात्र मुळीच नाही. विमानाची रिकामी राहणारी शेवटची सीट स्वस्तात देताना हाच हिशेब असतो.

लेणी बंद, दुकान बंद

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लेणी कित्येक महिने बंद राहिली. दगड काही नासत नाहीत. पण पर्यटकच नाहीत म्हटल्यावर घेणार कोण? या दगडांची मागणी लेण्यांच्या पाठोपाठ चालते. त्यामुळे अशा दुकानदाराचा भांडवलाचा पैसा दगडांत अडकतो आणि घरखर्च तर चालूच राहतो. म्हणून चार पैसे गाठीला ठेवणं हाही धंद्याचाच भाग.

आता तुमच्यासाठी एक कोडं. सकाळी भवानीच्या वेळी, दहा गिऱ्हाइकं बघत असताना, एकानं ७० रुपयेच देऊ केले. संध्याकाळी ताईनं 'हो' म्हटलं, मग आताही म्हणावं का? का बरं? घरच्यांशी वाद घालून ठरवा. आणि पुढच्या वेळी फर्दापूरला दगड घ्याल तेव्हा घासाघीस जरूर करा, पण दगडाखालच्या तळाचीही आठवण ठेवा!